प्रच्छन्न साहाय्य आणि मधला हात : अफगाण युद्धातील एक अभ्यास (१९७९–१९८९)

मराठीत 'गुप्त' ह्या एका विशेषणावर आपण दोन निरनिराळ्या अर्थांचा भार टाकतो. एखादे कृत्य घडले हेच कोणास कळू नये अशी योजना असली तरी ते 'गुप्त'. आणि कृत्य सर्वांच्या डोळ्यांदेखत घडावे, पण त्याचा कर्ता कोण हे कोणास सिद्ध करता येऊ नये अशी योजना असली तरी तेही 'गुप्त'च. इंग्रजीच्या शासकीय व लष्करी परिभाषेत ह्या दोहोंस वेगळे शब्द आहेत. पहिल्यास 'क्लँडेस्टाइन' म्हणतात, दुसऱ्यास 'कोव्हर्ट'. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या प्रकारात संपूर्ण वाक्यच अनुच्चारित राहते. दुसऱ्यात वाक्य उच्चारले जाते, परंतु कर्मणी प्रयोगात, आणि 'कडून' ह्या अव्ययापूर्वीची जागा रिकामी ठेवून. 'शस्त्रे पोहोचविली गेली' एवढेच जगास कळते.

ह्या भेदास शासकीय मान्यता पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने १८ जून १९४८ रोजी काढलेल्या निर्देशात अशा कारवायांची जी व्याख्या दिली, तीत कारवाई झाकण्याचा उल्लेख नाही. कारवाईमागील शासनाची जबाबदारी अनधिकृत व्यक्तीस उघड दिसू नये, आणि दिसलीच तर शासनास ती पटेल अशा रीतीने नाकारता यावी, एवढीच अपेक्षा तीत आहे. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या प्रकारासाठी 'प्रच्छन्न' हा शब्द वापरला आहे. प्रच्छन्न म्हणजे पांघरूण घेतलेला. पांघरुणाखाली कोणी तरी आहे हे पाहणारास दिसतच असते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्यास आपला हात दिसू द्यावयाचा नाही, त्यास दुसऱ्याच्या हाताने द्यावे लागते. आणि हा दुसरा हात म्हणजे एका टोकाने ओतलेले दुसऱ्या टोकास जसेच्या तसे पोहोचविणारी नळी नव्हे. त्यास स्वतःची इच्छा असते, भय असते, हिशेब असतो. १९७९ ते १९८९ ह्या दशकात सोव्हिएत संघाच्या सैन्याविरुद्ध लढणाऱ्या अफगाण टोळ्यांस अमेरिकेच्या सी. आय. ए. ह्या संघटनेने जे साहाय्य केले, त्याचा इतिहास साधारणपणे देणारा आणि घेणारा अशा दोघांची कथा म्हणून सांगितला जातो. ती तिघांची कथा आहे, आणि तिच्यातील बहुतेक निर्णायक क्रियापदांचा कर्ता तिसराच आहे.

परकीय साहाय्य व छापामार युद्ध ह्यांचे नाते काही विसाव्या शतकात जुळलेले नाही. 'गेरिला' हा शब्द जगभर झाला तो ज्या युद्धामुळे, त्या युद्धातच हे नाते आहे. स्पॅनिश भाषेत 'ग्वेर्रा' म्हणजे युद्ध, आणि 'ग्वेर्रिया' हे त्याचे लघुत्वदर्शक रूप, म्हणजे 'लहानसे युद्ध'. नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापला असता (१८०८–१८१४) गावोगावच्या टोळ्यांनी जे युद्ध केले त्यास हे नाव पडले, आणि इंग्रजीत जाताना युद्धाचे नाव योद्ध्यास चिकटले. ह्या टोळ्यांस इंग्लंड पैसा व शस्त्रे देत असे. उलट टोळ्यांनी लुटलेले फ्रेंच टपाल वेलिंग्टनच्या छावणीत जात असे. परंतु तेथे देणारा पडद्याआड नव्हता. त्याची पलटण शेजारीच उभी होती, त्यामुळे मध्यस्थाचा प्रश्नच त्या स्वरूपात उद्भवला नाही.

आपल्या भाषेत ह्या युद्धपद्धतीस 'गनिमी कावा' म्हणतात, आणि ह्या शब्दाची कथाही बोलकी आहे. अरबी 'गनीमत' म्हणजे लूट; त्याच धातूपासून आलेला 'गनीम' हा शब्द मोगलांच्या फारसी कागदपत्रांत मराठ्यांस उद्देशून येतो, तर मराठी कागदपत्रांत तोच शब्द समोरच्या शत्रूस लावलेला आढळतो. दोन्ही पक्ष एकमेकांस एकाच नावाने संबोधीत होते. पुढे ते विशेषण आपण अभिमानाने मिरवू लागलो. शत्रूने दिलेले नाव कोठे राहते आणि कोठे पालटते, हा मुद्दा अफगाण युद्धातही पुन्हा भेटणार आहे, म्हणून येथे त्याची नोंद केली.

घटनाक्रम बहुतेकांस परिचित असल्याने त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. २७ एप्रिल १९७८ रोजी काबूलमध्ये साम्यवादी पक्षाने लष्कराच्या साहाय्याने सत्ता घेतली. त्यास 'सौर क्रांती' म्हणतात. येथील 'सौर' चा सूर्याशी संबंध नाही, तो अफगाण पंचांगातील वृषभ महिना होय. मार्च १९७९ मध्ये हेरात शहरात मोठा उठाव झाला. ३ जुलै १९७९ रोजी अध्यक्ष कार्टर ह्यांनी बंडखोरांस शस्त्रेतर साहाय्य देण्यास संमती दिली: प्रचार, औषधे, संदेशवहनाची साधने, रोख रक्कम, सारे मिळून पाच लाख डॉलरांहून थोडे अधिक. २७ डिसेंबरला सोव्हिएत सैनिकांनी अध्यक्ष हफीजुल्ला अमीन ह्यांस त्यांच्या प्रासादात ठार केले व बबरक कारमाल ह्यांस गादीवर बसविले. दुसऱ्याच दिवशी कार्टर ह्यांनी शस्त्रे देण्याच्या आदेशावर सही केली, आणि पहिल्या रायफली जानेवारी १९८० मध्येच कराचीस येऊन पोहोचल्या.

जुलैमधील साहाय्य हा सोव्हिएत संघास गुंतविण्यासाठी लावलेला सापळा होता असे एक मत आहे, आणि कार्टर ह्यांचे सुरक्षा-सल्लागार ब्रेझिन्स्की ह्यांच्या १९९८ मधील एका फ्रेंच मुलाखतीमुळे ते फार पसरले. मला ते पटत नाही. सोव्हिएत नेतृत्वाची जी कागदपत्रे नंतर उपलब्ध झाली, त्यांत चिंता दिसते ती अमीन ह्यांची: हा मनुष्य आपल्याच पक्षाचा संहार करीत आहे, उद्या अमेरिकेच्या गोटात जाईल, ही. पाच लाख डॉलरांच्या औषधांनी व ध्वनिक्षेपकांनी एक लक्ष सैन्य सीमेपार ओढून आणले, असे मानणे म्हणजे यशानंतर सांगितलेल्या हेतूस यशापूर्वीचा हेतू समजणे होय.

अध्यक्षांच्या ह्या आदेशास अमेरिकन परिभाषेत 'फाइंडिंग' म्हणतात. शब्दशः अर्थ 'आढळून आलेली गोष्ट'. १९७४ च्या ह्यूज-रायन कायद्यानुसार, अमुक कारवाई राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाची असल्याचे अध्यक्षांस 'आढळून' आल्याखेरीज सी. आय. ए. ला तीवर पैसा खर्च करता येत नव्हता. म्हणजे आज्ञा आहे, पण तिचे व्याकरणिक रूप निरीक्षणाचे. 'करा' असे न म्हणता 'हे करणे महत्त्वाचे असल्याचे मला आढळते' असे म्हणावयाचे. हा कायदा वस्तुतः अध्यक्षांस जबाबदार धरण्यासाठी केलेला होता; घराच्या आत कर्त्याची सही घ्यावयाची, घराबाहेर कर्ता अध्याहृत ठेवावयाचा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

कर्ता अध्याहृत ठेवण्याचे नियम प्रत्यक्ष शस्त्रांच्या निवडीत उतरले. अमेरिकन बनावटीची वस्तू रणांगणात सापडता कामा नये, म्हणून प्रथम गेल्या त्या ली-एन्फील्ड रायफली, ज्या आपल्याकडील पोलीस ठाण्यांतून 'थ्री नॉट थ्री' म्हणून अनेक दशके दिसत असत. सरहद्द प्रांतात इंग्रजी अमलापासून ती रायफल घरोघर होती. आणखी काही हजार आल्याने कोणाचे नाव सिद्ध होत नव्हते. त्यानंतर सोव्हिएत नमुन्याची शस्त्रे हवी होती, कारण ती शत्रूकडून हिसकावली असे म्हणता येई. अशी शस्त्रे इजिप्तच्या कोठारांत होती आणि चीनच्या कारखान्यांत तयार होत होती. साम्यवादी चीनने बनविलेल्या कॅलॅश्निकॉव्ह नमुन्याच्या बंदुका अमेरिकेने विकत घ्याव्या, पाकिस्तानने वाहून न्याव्या आणि त्या साम्यवादी रशियाच्या सैन्यावर चालाव्या, ह्यातील विनोद त्या काळी कोणास सुचला असल्यास त्याने तो मनातच ठेवला असेल.

सप्टेंबर १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात ह्यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर मोकळेपणाने सांगून टाकले की, अमेरिका आपल्याकडून अफगाणांसाठी शस्त्रे घेते. जे सर्वांस ठाऊक होते ते आता उच्चारले गेले होते. तरीही वॉशिंग्टनने कबुली दिली नाही आणि इस्लामाबादने तर प्रदीर्घ काळ ठाम नकारच दिला. मग ज्यावर कोणाचाच विश्वास नाही अशा नकाराचा उपयोग काय? जे. एल. ऑस्टिन ह्या तत्त्वज्ञाच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाभ्यासक हे जाणतात की, विधान केवळ काही सांगत नाही, काही करतेही. हा नकार माहिती देण्यासाठी नव्हताच. पाकिस्तान युद्धात सामील आहे असे अधिकृतपणे न म्हणण्याची सोय त्याने मॉस्कोस करून दिली, आणि त्यायोगे पाकिस्तानवर चालून जाण्याच्या बंधनातूनही त्यास सोडविले. ऐकणाराने खोटे म्हणून ओळखले तरी ज्याचे कार्य पूर्ण होते असे हे वाक्य होते.

आता मधल्या हाताकडे वळू. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक ह्यांनी साहाय्यास भूमी दिली ती अटींवर. माल कराची बंदरात किंवा विमानतळावर उतरला की सी. आय. ए. चे काम संपले. तेथून तो आय. एस. आय. ह्या लष्करी गुप्तवार्ता-संघटनेच्या ताब्यात. कोणी अमेरिकन सीमा ओलांडणार नाही, अफगाणांस प्रशिक्षण पाकिस्तानी अधिकारीच देतील, आणि कोणास काय द्यावयाचे हे आय. एस. आय. च ठरवील. तिचे प्रमुख जनरल अख्तर अब्दुर रहमान १९७९ पासून १९८७ पर्यंत त्या पदावर होते. युद्धाची आच मॉस्कोस पोळावी, पण उकळून पाकिस्तानवर सांडू नये, हे झिया ह्यांचे सूत्र होते. किती जाळ लावावयाचा हे ठरविण्यासाठी फुंकणी स्वतःच्या हाती असणे आवश्यक होते.

मालाचा प्रवास पाहिला म्हणजे ह्या अटींचा अर्थ उमगतो. रावळपिंडीजवळच्या ओझरी छावणीतील कोठारात माल साठे. तेथून मालमोटारींनी तो पेशावर किंवा क्वेट्टाकडे जाई. पेशावरात आय. एस. आय. ने मान्यता दिलेले सात अफगाण पक्ष होते. माल पक्षांच्या हवाली होई, पक्ष तो आपल्या सेनानायकांस देत, आणि मग खेचरांच्या व उंटांच्या तांड्यांवर तो डोंगर चढे. वाटेत काही विकला जाई, काही हवेत बार काढण्यात किंवा पुढल्या तंट्यासाठी पुरून ठेवण्यात संपे. परंतु गळतीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. अफगाणिस्तानात प्रतिकार मूलतः गावाचा, खोऱ्याचा व कुळाचा होता. पेशावरचे पक्ष पुष्कळसे निर्वासित पुढाऱ्यांचे होते. आता खोऱ्यातील नायकास बंदूक हवी असेल तर ह्या सातांपैकी कोणाचे तरी नाव लावणे भाग पडले. पक्षाचे सदस्यत्व ही श्रद्धेची बाब न राहता शिधापत्रिकेसारखी झाली. लोक ज्याचे ऐकत होते त्यास शस्त्र मिळावे ह्याऐवजी ज्यास शस्त्र मिळत होते त्याचे लोकांस ऐकावे लागले.

ह्या सातांतही समान वाटणी नव्हती. गुलबुद्दीन हिकमतयार ह्यांच्या हिज्ब-ए-इस्लामीस मोठा वाटा मिळत राहिला. राजनिष्ठ व परंपरानिष्ठ पक्षांस त्या मानाने थोडा. आय. एस. आय. चे उत्तर असे की, जो अधिक लढतो त्यास अधिक. हे उत्तर सर्वस्वी खोटे नसेल, परंतु अपुरे आहे. १८९३ मध्ये आखलेली ड्युरंड रेषा काबूलच्या कोणत्याच शासनाने मनापासून मानली नाही, आणि 'पश्तुनिस्तान' ची मागणी हे पाकिस्तानचे जन्मापासूनचे दुखणे होते. राष्ट्रवादी अफगाण चळवळ विजयी झाली असती तर ती मागणीही तिच्याबरोबर विजयी होण्याचा संभव होता. राष्ट्रापेक्षा धर्मसंघटनेस श्रेष्ठ मानणारे पक्ष रावळपिंडीस ह्यासाठी सोयीचे. सी. आय. ए. ने ह्यास प्रदीर्घ काळ हरकत घेतली नाही, कारण तिचा प्रश्न सोव्हिएत सैन्याची हानी एवढाच होता. काबूलमध्ये उद्या कोण बसेल हा प्रश्न तिने मध्यस्थाच्या स्वाधीन केला होता. हे केवळ दुर्लक्ष म्हणून सोडून देता येत नाही. हात लपविण्याच्या मूळ निर्णयातच ते अनुस्यूत होते.

उलट बाजूचे उदाहरण पंजशीर खोऱ्यातील अहमदशाह मसूद ह्यांचे. ते ताजिक, खोऱ्यात राहून लढणारे, आणि पेशावरच्या दरबारापासून दूर. १९८३ मध्ये त्यांनी सोव्हिएत सैन्याशी काही महिन्यांचा तह करून आपली घडी बसवून घेतली, तेव्हा मध्यस्थाचा त्यांच्यावरील रोष वाढला. ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांच्याशी थेट संबंध ठेवला, पण ते साहाय्य आकाराने लहान होते. सोव्हिएत सैन्याने ज्या खोऱ्यावर एकामागून एक मोहिमा काढल्या, त्या खोऱ्यास अमेरिकन पैशाच्या प्रवाहातून मिळाले ते ओंजळभरच. हजारजातच्या शिया टोळ्या तर ह्या सात पक्षांच्या व्यवस्थेच्या बाहेरच होत्या. त्यांचा आधार इराण.

येथे नावांसंबंधी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. लढणारे स्वतःस 'मुजाहिद' म्हणत. 'मुजाहिदीन' हे त्याचे अरबी अनेकवचन, ज्यास आपण 'मुजाहिदीनांनी' असा पुन्हा एक अनेकवचनी साज चढवितो. काबूलचे शासन त्यांस 'अशरार' म्हणे, म्हणजे दुर्जन. सोव्हिएत सैनिकांच्या तोंडी 'दुश्मन' हा शब्द बसला. मराठीस हा शब्द परका नाही. फारसीतील ह्या शब्दाचे मूळ 'दुष्ट मनाचा' असे असून संस्कृत 'दुर्मनस्' हा त्याचा सख्खा भाऊ. रशियन शिपायांनी त्यास आखडून 'दूख' केले, आणि रशियन भाषेत 'दूख' म्हणजे आत्मा, भूत. न दिसणाऱ्या, गोळी झाडून डोंगरात विरून जाणाऱ्या शत्रूस ह्याहून चपखल नाव मुद्दाम शोधूनही सापडले नसते. अफगाण लोक सोव्हिएतांस 'शूरवी' म्हणत. 'सोव्हिएत' म्हणजे मंडळ, पंचायत. 'शूरा' म्हणजेही तेच. त्यावरून हे भाषांतरित विशेषण. आणि मसूद ह्यांनी उत्तरेतील नायकांची जी संघटना बांधली तिचे नाव 'शूरा-ए-नजार'. एकाच शब्दाखाली आक्रमक आणि प्रतिकारक दोघेही उभे होते. अमेरिकेत अध्यक्ष रेगन ह्यांनी २१ मार्च १९८२ हा 'अफगाणिस्तान दिन' घोषित केला, आणि लढणाऱ्यांस स्वातंत्र्यासाठी लढणारे वीर ही पदवी मिळाली. कर्ता लपविणाऱ्या शासनाने कर्माची स्तुती मात्र उघड चालविली होती.

१९८५ नंतर साहाय्याचे प्रमाण पालटले. पहिल्या चार-पाच वर्षांत वार्षिक रक्कम काही कोटी डॉलरांच्या घरात होती. सौदी अरेबियाची गुप्तवार्ता-संघटना तितकीच रक्कम आपल्याकडून घालीत असे. अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सदस्य चार्ल्स विल्सन ह्यांनी अर्थसमितीतील आपल्या स्थानाचा उपयोग करून ती वाढविली. मार्च १९८५ मध्ये रेगन ह्यांनी नव्या निर्देशावर सही केली, आणि उद्दिष्ट सोव्हिएतांस 'सतावणे' हे न राहता त्यांस बाहेर घालविणे हे झाले. १९८७ साली अमेरिकेचा वाटा सुमारे ६३ कोटी डॉलर होता. ह्याशिवाय अरब देशांतील खाजगी देणग्यांचा स्वतंत्र ओघ होता. अब्दुल्ला अज्जाम ह्यांनी १९८४ मध्ये पेशावरात काढलेले सेवाकार्यालय त्यावरच चाले. अमेरिकेने ओसामा बिन लादेन ह्यास पगार दिला असे जे सर्रास लिहिले जाते, त्यास विश्वसनीय आधार नाही. परंतु मध्यस्थाने ज्या पक्षांस पोसले, त्यांच्याच अंगणात ही अरब मंडळी वाढली, हेही तितकेच खरे आहे.

प्रच्छन्नतेचा नियम प्रथम उघडपणे मोडला तो खांद्यावरून डागावयाच्या 'स्टिंगर' क्षेपणास्त्राने. सोव्हिएत बनावटीची तशी अस्त्रे आणि ब्रिटिश 'ब्लोपाइप' ह्यांचा विशेष उपयोग झाला नव्हता. स्टिंगर तर अमेरिकन सैन्याचे अद्ययावत अस्त्र. ते सापडले की नकाराची जागाच उरत नव्हती. म्हणूनच सी. आय. ए. तील कित्येकांचा त्यास आरंभी विरोध होता. १९८६ मध्ये निर्णय झाला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस जलालाबादच्या विमानतळाजवळ सोव्हिएत हेलिकॉप्टरे पाडण्यात आली. वाटप अर्थातच त्याच हाताने. वापरलेली रिकामी नळी परत केल्याखेरीज नवे अस्त्र देऊ नये असा आय. एस. आय. चा नियम होता. तरीही काही अस्त्रे इराणी पथकांच्या हाती लागली, आणि एकूण दोन ते अडीच हजारांपैकी कित्येकशे १९९० नंतर पैसे मोजून परत विकत घेण्याची मोहीम अमेरिकेस काढावी लागली.

स्टिंगरने युद्ध जिंकले, हे वाक्य आता म्हणीसारखे झाले आहे. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. गोर्बाचेव्ह ह्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्येच ह्या युद्धास वाहती जखम म्हटले होते, आणि दोन वर्षांच्या आत सैन्य परत आणण्याचे पॉलिटब्यूरोने ठरविले ते १३ नोव्हेंबर १९८६ रोजी, म्हणजे पहिल्या यशस्वी माऱ्यानंतर सात आठवड्यांनी. अॅलन कूपरमन ह्यांनी १९९९ मधील आपल्या लेखात हा युक्तिवाद सविस्तर मांडला आहे. वैमानिक अधिक उंचीवरून उडू लागले, गावांवरील अचूक मारा घटला, मुजाहिदांचे मनोधैर्य वाढले. हे परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु शत्रूने निर्णय घेण्यामागे आपलेच अस्त्र असावे ही इच्छा देणाऱ्या पक्षास स्वाभाविक असते, आणि इतिहासकाराने ती पुरावा म्हणून स्वीकारू नये.

मध्यस्थाच्या सामर्थ्याची सीमा कोणती, हे आमू दर्या नदीवर दिसले. १९८६–८७ मध्ये मुजाहिदांच्या तुकड्या नदी ओलांडून प्रत्यक्ष सोव्हिएत भूमीवर छापे घालू लागल्या. सी. आय. ए. चे प्रमुख विल्यम केसी ह्यांची त्यास फूस होती. सी. आय. ए. ने कुराणाचे उझ्बेक भाषांतर छापून पलीकडे वाटण्यासाठी पाठविले. भाषा हेही ह्या युद्धातील एक शस्त्रच होते. एप्रिल १९८७ मधील छाप्यांनंतर मॉस्कोने धमकी दिली ती वॉशिंग्टनला नव्हे, इस्लामाबादला. छापे तत्काळ थांबविण्यात आले. ज्याच्या अंगणात बाँब पडणार होता, थांबविण्याचा हुकूमही त्याचाच होता.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एका गोष्टीची दखल घेतली पाहिजे, जरी ती हेरखात्याच्या वहीत नोंदलेली नाही. अमेरिकेच्या विकास-साहाय्य संस्थेने नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा येथील केंद्राकडून निर्वासित मुलांसाठी दारी व पश्तू भाषांत पाठ्यपुस्तके तयार करविली. १९८४ ते १९९४ ह्या काळात ह्या कार्यावर ५ कोटी १० लक्ष डॉलर खर्च झाले. त्या पुस्तकांत अक्षरओळखीसाठी जिहाद, आणि अंकगणितासाठी रणगाडे, क्षेपणास्त्रे व सुरुंग होते. युद्ध संपले तरी ही पुस्तके संपली नाहीत. तालिबानी अमलातही ती शाळांत चालू होती, फक्त माणसांचे चेहरे तेवढे खोडून काढलेले. बंदुकीची नळी गंजते, परंतु सहाव्या वर्षी ज्या शब्दाने 'जीम' हे अक्षर ओळखले तो शब्द जन्मभर त्या अक्षरास चिकटून राहतो.

शेवट वेगाने आला. १० एप्रिल १९८८ रोजी ओझरी छावणीतील दारूगोळ्याचा स्फोट होऊन रावळपिंडी व इस्लामाबादवर अस्त्रांचा वर्षाव झाला. चारच दिवसांनी जिनीव्हा करारावर सह्या झाल्या. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल ग्रोमोव्ह आमू दर्यावरील पूल ओलांडून परतले. सोव्हिएत सैन्याचे सुमारे १५ हजार सैनिक मेले होते. अफगाण मृतांचा अंदाज दहा लक्षांच्या आसपास केला जातो, आणि पाकिस्तान व इराण ह्यांत मिळून पन्नास लक्षांहून अधिक निर्वासित होते. पुढच्याच महिन्यात आय. एस. आय. च्या आग्रहाने मुजाहिदांनी जलालाबादवर समोरासमोरचा हल्ला केला. डोंगरात लपून लढणारे मोकळ्या मैदानावर उतरविले गेले, आणि नजीबुल्ला ह्यांच्या सैन्याने त्यांस मागे रेटले. ज्यांनी नऊ वर्षे महासत्तेस थकविले ते दुसऱ्याने आखलेल्या लढाईत हरले. १ जानेवारी १९९२ पासून अमेरिका व सोव्हिएत संघ ह्या दोघांनीही आपापला पुरवठा थांबवावयाचा होता; तोवर सोव्हिएत संघच उरला नव्हता. एप्रिलमध्ये नजीबुल्ला पडले, आणि युद्धाने जिचा बराचसा भाग उभा ठेवला होता ती काबूल नगरी हिकमतयार व मसूद ह्यांच्या, आणि इतरही पक्षांच्या, आपसांतील युद्धात उद्ध्वस्त झाली. त्यांत हिकमतयार ह्यांचे अग्निबाण मुख्य होते.

हे सर्व आपणांस कोणाच्या तोंडून कळते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आरंभीच विचारावा. आय. एस. आय. च्या अफगाण विभागाचे १९८३ ते १९८७ पर्यंतचे प्रमुख ब्रिगेडियर मोहम्मद यूसुफ ह्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक अत्यंत उपयुक्त आहे, परंतु ते वाटप करणाऱ्याने लिहिलेले वाटपाचे समर्थन आहे. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या आठवणींत पैसा पाठविणाऱ्याचा अभिमान बोलतो. रशियन कागदपत्रे मॉस्कोचा विचार दाखवितात, डोंगरातील नायकाचा नव्हे. ह्या तिन्ही प्रकारांत अफगाण मनुष्य बहुधा चतुर्थीत येतो: त्यास दिले, त्यास शिकविले, त्यास पाठविले. प्रथमेत तो येतो तो दारी व पश्तू कागदांत: पक्षांची मुखपत्रे, नायकांच्या आठवणी, आणि रात्री दारांवर चिकटविली जाणारी 'शबनामा' नावाची पत्रके. असा पुष्कळ संग्रह नॅन्सी हॅच डुप्री ह्यांच्या प्रयत्नाने पेशावरात जमला, पुढे काबूल विद्यापीठात नेण्यात आला, आणि २०१३ मध्ये त्यास तेथे स्वतःची वास्तू मिळाली. त्यातील बराच भाग अॅरिझोना विद्यापीठाच्या साहाय्याने संगणकीय रूपात आणला गेला आहे. ज्यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी फारसी लिपी व भाषा शिकली असेल, त्यांस त्यातील दारी मजकूर वाचण्यास फार सायास पडणार नाहीत. पश्तूसाठी मात्र स्वतंत्र परिश्रम घ्यावे लागतील.